एका दिवसात मेळघाट : सेमाडोहच्या रस्त्यावर पहिला हक्क कुणाचा?

पावसाची पहिली मोठी सर आली की वऱ्हाडातल्या बहुतेक व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो. "चाला बे, रविवारी चिखलदऱ्याले जाऊ." मग कुणाची गाडी, कोण किती पैसे काढणार, कुणाच्या घरून डबा, यावर शंभरेक मेसेज होतात. शनिवारी रात्री निम्मे लोक कल्टी मारतात आणि उरलेले पहाटे परतवाड्याच्या रस्त्याला लागतात.

त्यांच्याच मोबाईलमधून ते व्हिडिओ आपल्यापर्यंत येतात. दोन्ही बाजूंना साग, मध्ये वळणावळणाचा डांबरी रस्ता, खाली सिपना नदी, समोरच्या डोंगरावर ढग. खाली कमेंट असते, "हे महाराष्ट्रात आहे?" हो, महाराष्ट्रातच आहे, अमरावती जिल्ह्यात. आणि हा रस्ता बघायला तिकीटही लागत नाही.

पण सध्या याच रस्त्यांबद्दल एक महत्त्वाचा प्रश्न उभा आहे. १७ नोव्हेंबर २०२५ रोजी सुप्रीम कोर्टानं देशातल्या सगळ्या व्याघ्र प्रकल्पांना लागू होतील असे आदेश दिले. कोअर जंगलातून जाणाऱ्या रस्त्यांवर संध्याकाळ ते पहाट वाहतूक नको, रात्रीचं पर्यटन पूर्ण बंद आणि कोअरमधल्या पर्यटन क्षेत्रात मोबाईल वापरायला मनाई. हा निकाल देणाऱ्या खंडपीठाचे प्रमुख होते तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, जे मूळचे अमरावतीचेच.

म्हणजे एक रस्ता आणि त्यावर हक्क सांगणारे तिघं. वाघ, जंगलातल्या गावांतले लोक आणि आपण, म्हणजे दिवसभर फिरून संध्याकाळी घरी जाणारे. रस्त्यावर बंधनं येणार असतील, तर त्यांची झळ आधी कुणाला बसायला हवी? आजचा विषय हाच आहे.

आधी नकाशा समजून घेऊ

मेळघाट म्हणजे घाटांचा मेळ. सातपुड्याची गाविलगड नावाची डोंगररांग अमरावती आणि अकोला जिल्ह्यांच्या उत्तरेला आडवी पसरली आहे. तिच्यावर हे जंगल आहे. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या पाच नद्या इथून निघतात आणि सगळ्या शेवटी तापीला मिळतात. खाली वऱ्हाडाच्या सपाट भागात उन्हाळ्यात पाण्याची काय स्थिती असते ते तुम्हाला माहीत आहे. त्यामुळे वर जंगल असणं हा फक्त वाघाचा प्रश्न नाही, हे आत्ताच लक्षात ठेवा.

१९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा पहिल्या नऊ जंगलांत मेळघाटची निवड झाली. महाराष्ट्रातला हा पहिला व्याघ्र प्रकल्प. १९८५ मध्ये मेळघाट अभयारण्य झालं आणि १९८७ मध्ये ३६१ चौरस किलोमीटरचं गुगामल राष्ट्रीय उद्यान. आज प्रकल्पाचं कोअर क्षेत्र सुमारे १५०० चौरस किलोमीटर आणि बफर सुमारे १२६८ चौरस किलोमीटर आहे. नरनाळा, वान आणि अंबाबरवा ही अकोला-बुलढाण्याकडची अभयारण्यंही याच कुटुंबातली.

कोअर आणि बफर हे शब्द पुढे बरेचदा येतील, म्हणून थोडक्यात सांगतो. कोअर म्हणजे वाघासाठी राखलेला आतला भाग, जिथे माणसाची वर्दळ कमीत कमी असावी अशी अपेक्षा असते. बफर म्हणजे त्याभोवतीचा पट्टा, जिथे गावं, शेती, गुरं आणि जंगल एकत्र नांदतात. कागदावर ही रेघ स्पष्ट दिसते. प्रत्यक्षात रस्ता, नदी आणि वाघ तिघंही ती रेघ विचारत नाहीत.

आता सेमाडोह कुठे येतं? अमरावतीहून परतवाडा सुमारे ५० किलोमीटर. तिथून घाट चढत घटांगमार्गे आणखी तितकंच अंतर कापलं की चिखलदरा तालुक्यातलं सेमाडोह लागतं. पुढे हाच रस्ता कोलकास, हरिसाल आणि धारणीवरून मध्य प्रदेशात बऱ्हाणपूर-खंडव्याकडे जातो. सेमाडोह सिपना नदीच्या काठी आहे. 'सिपना' हा कोरकू शब्द, अर्थ सागवान. नदीच्या नावातच जंगल आहे.

एका दिवसात काय काय बघून होतं?

बरंच काही, पण घाई न करता. अमरावती किंवा अकोल्याहून पहाटे निघालात तर परतवाड्यात नाश्ता, सकाळी आठ-नऊपर्यंत सेमाडोह, तिथून साधारण १५ किलोमीटरवर कोलकास, परत सेमाडोह, तिथून जंगलरस्त्यानं चिखलदरा आणि संध्याकाळी धामणगाव गढीमार्गे परतवाडा असा एक गोल फेरा होतो.

सेमाडोहला वनविभागाचं पर्यटन संकुल आणि निसर्ग माहिती केंद्र आहे. बहुतेक जण इथे चहा पिऊन, सेल्फी काढून पुढे पळतात. खरं तर अर्धा तास हे केंद्र नीट पाहिलं तर पुढचा सगळा रस्ता वेगळा दिसतो. कोणती पायखूण कुणाची, अस्वलानं झाडावर ओरखडे कसे काढले, सागाच्या जंगलात बांबू कुठे उगवतो, हे एकदा कळलं की खिडकीबाहेर नुसतं हिरवं दिसत नाही.

कोलकासचं विश्रामगृह उंचावर आहे आणि खाली सिपनेचं मोठं वळण दिसतं. मेळघाटातल्या सगळ्यात सुंदर दृश्यांपैकी हे एक. कोलकासची जुनी ओळख वनविभागाच्या हत्तींमुळे आहे.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच आहे. विदर्भातलं हे एकमेव थंड हवेचं ठिकाण. इथे कॉफी पिकते, हे ऐकून नवख्या माणसाला धक्का बसतो. भीमकुंडाची दरी, पावसाळ्यातले धबधबे आणि देवी पॉइंट हे नेहमीचे थांबे. थोडं बाजूला गाविलगड किल्ला आहे. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेनं तो जिंकला. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. गर्दी पॉइंटवर असते, किल्ल्यावर मात्र निवांत फिरता येतं.

आणि रबडी-खवा. इथले गवळी लोक पिढ्यान्‌पिढ्या म्हशी राखतात. चिखलदरा-मोथा भागातली रबडी खाल्ल्याशिवाय परत आलात, तर घरचे लोक विचारतीलच.

पण वाघ दिसेल का?

प्रामाणिक उत्तर : बहुधा नाही.

२०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ नोंदवले गेले. २०१४ मध्ये हा आकडा १९० होता आणि २०१८ मध्ये ३१२. मेळघाटातही पन्नासहून जास्त वाघ आहेत. तरी ताडोबासारखं दर्शन इथे होत नाही. कारण साधं आहे. ताडोबाचं कोअर सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आणि बरंचसं सपाट. मेळघाटचं कोअर त्याच्या दुप्पटीहून मोठं, आणि सगळं डोंगरदऱ्यांचं. इथला वाघ दरीत उतरला की त्याचा जिप्सीशी काही संबंध राहत नाही.

रानगवा, सांबर, भेकर, अस्वल आणि रानकुत्रे दिसण्याची शक्यता जास्त. पक्षी पाहणाऱ्यांसाठी तर मेळघाट म्हणजे तीर्थक्षेत्र, आणि त्याचं कारण रानपिंगळा. हे छोटं घुबड १८८४ नंतर शंभरहून अधिक वर्षं कुणालाच दिसलं नव्हतं. ते नामशेष झालं असंच मानलं जात होतं. १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात ते पुन्हा सापडलं आणि नंतर मेळघाटातही त्याची चांगली वस्ती असल्याचं लक्षात आलं. जगातून गेला असं वाटलेला पक्षी आपल्या जिल्ह्यात सागाच्या फांदीवर बसलेला असतो आणि आपण त्याच्याखालून हॉर्न वाजवत जातो.

इथे आणखी एक गैरसमज दूर करू. डांबरी रस्त्यानं सेमाडोह-कोलकास करून आलो म्हणजे राष्ट्रीय उद्यान पाहिलं, असं नाही. गुगामल उद्यान आतल्या डोंगरांत आहे. सफारी हा वेगळा प्रकार आहे. त्यासाठी ठरलेलं गेट, ठरलेली वेळ, नोंदणी, परवानगी असलेलं वाहन आणि स्थानिक गाईड लागतो. आपण ज्या रस्त्यानं जातो तो सार्वजनिक रस्ता आहे, आणि सगळा गुंता तिथूनच सुरू होतो.

सुप्रीम कोर्टानं नेमकं काय म्हटलं?

मूळ प्रकरण उत्तराखंडच्या कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाचं. तिथे पाखरो भागात सफारीच्या नावाखाली बेकायदा बांधकामं आणि झाडतोड झाली होती. मार्च २०२४ मध्ये कोर्टानं तज्ज्ञांची समिती नेमली. त्या समितीच्या शिफारशींवर १७ नोव्हेंबर २०२५ चा निकाल आला, आणि तो फक्त कॉर्बेटपुरता राहिला नाही.

आपल्या विषयाशी संबंधित चार गोष्टी अशा :

१. व्याघ्र प्रकल्पांत रात्रीचं पर्यटन बंद.

२. कोअरमधून रस्ता जात असेल तर संध्याकाळ ते पहाट वाहतुकीवर बंदी. रुग्णवाहिका आणि आणीबाणीच्या गाड्यांना सूट.

३. कोअरमधल्या पर्यटन क्षेत्रात मोबाईल वापरता येणार नाही.

४. मानव-वन्यजीव संघर्ष नैसर्गिक आपत्ती मानण्याचा विचार राज्यांनी करावा आणि मृताच्या कुटुंबाला १० लाख रुपयांची मदत मिळावी.

पर्यटनावर कोर्टाची नजर पहिल्यांदा गेली असंही नाही. जुलै २०१२ मध्ये कोअरमधलं पर्यटन अंतरिम आदेशानं थेट बंदच झालं होतं. ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची नियमावली आल्यावर ते पुन्हा सुरू झालं. कोअरचा जास्तीत जास्त २० टक्के भागच पर्यटनासाठी वापरता येईल, ही अट तेव्हापासूनची.

मोबाईलबंदी ऐकून अनेकांचा चेहरा पडला. फोटो कसे काढायचे? पण ही बंदी का आली ते बघा. वाघ दिसला की गाईड आणि ड्रायव्हर एकमेकांना फोन करतात, दहा मिनिटांत पंधरा जिप्सी गोळा होतात, वाघाला पुढे-मागे जायला जागा उरत नाही. दोन-तीन वर्षांत असे किती व्हिडिओ तुम्ही स्वतः फॉरवर्ड केलेत, आठवून पाहा.

रात्री गाड्या थांबवल्यानं खरंच फरक पडतो?

जंगलातले बहुतेक प्राणी संध्याकाळ ते पहाट फिरतात. त्याच वेळी रस्ता मोकळा असतो आणि गाड्या वेगात असतात. हेडलाईटच्या उजेडात हरीण गोठून उभं राहतं. रानपिंगळा दिवसा वावरतो, पण बाकीची घुबडं, रानमांजरं, साप हे सगळे रात्रीच रस्त्यावर येतात. चिरडलेला साप बातमीत येत नाही, म्हणून तो मोजलाही जात नाही.

अपघातात मरणं हा नुकसानीचा एक भाग झाला. दुसरा भाग सहज दिसत नाही. सतत वाहता रस्ता प्राण्यांना भिंतीसारखा होतो. पलीकडचं पाणी, पलीकडचा जोडीदार तुटतो. वाघासाठी ही गोष्ट गंभीर आहे, कारण मेळघाटातला वाघ टिकायचा तर त्याला सातपुड्यातल्या शेजारच्या जंगलांपर्यंत ये-जा करता आली पाहिजे.

देशात याची दोन उदाहरणं नेहमी दिली जातात. कर्नाटकात बांदीपूरमधून केरळच्या वायनाडकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ वाहतूक बंद आहे. रुग्णवाहिका आणि ठराविक बस सोडल्या जातात. केरळमधून त्याला मोठा विरोध झाला, २०१९ मध्ये वायनाडमध्ये उपोषणं झाली, पण बंदी टिकली.

दुसरं उदाहरण आपल्याच विदर्भातलं. नागपूरहून जबलपूरकडे जाणारा महामार्ग पेंचच्या जंगलातून जातो. तो चौपदरी करताना महाराष्ट्राच्या भागात प्राण्यांना खालून जाता यावं म्हणून नऊ रचना बांधल्या. त्यातली सगळ्यात लांब ७५० मीटरची आहे. गाड्या वरून जातात आणि खालून वाघ-सांबर. कॅमेऱ्यांनी ते टिपलंही आहे.

म्हणजे पर्याय दोन : गाड्यांना वेळेचं बंधन घाला किंवा गाड्यांना उचलून वर न्या. मेळघाटचा रस्ता घाटातला, अरुंद, वळणांचा. तिथे पेंचसारखे पूल बांधायचे तर खर्च आणि झाडतोड दोन्ही प्रचंड. त्यामुळे इथे चर्चा फिरून वेळेच्या बंधनावरच येते.

रस्ता बंद झाला तर गावांचं काय?

ही बाजू रीलमध्ये कधीच दिसत नाही.

मेळघाटात मुख्यतः कोरकू समाज राहतो. त्यांची कोरकू भाषा मराठी-हिंदीच्या कुळातली नाही, ती मुंडा कुळातली, झारखंडच्या मुंडारी-संथाळीची नातेवाईक. 'कोरो' म्हणजे माणूस, 'कोरकू' म्हणजे माणसं. कोदो, कुटकी, सावा, मोह, गुरं आणि मजुरी यांवर इथलं जगणं चालतं. पेरणी-कापणीचा काळ सोडला तर अनेक कुटुंबं कामासाठी बाहेर पडतात आणि होळीला परत येतात. कोरकूंचा सगळ्यात मोठा सण होळी. त्या दिवसांत मेळघाटातून गेलात तर पोरं रस्त्यात दोरी धरून गाडी अडवतात आणि 'फगवा' मागतात. काही पर्यटक वैतागतात. वास्तविक ते त्यांच्या घरी आलेले पाहुणे असतात.

या लोकांसाठी सेमाडोहचा रस्ता म्हणजे दवाखाना, बाजार, शाळा, तहसील आणि मजुरीचं गाव. धारणी ते अमरावती अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. धारणीला उपजिल्हा रुग्णालय आहे, पण गंभीर रुग्णाला पुढे अमरावतीलाच न्यावं लागतं. मेळघाटातले कुपोषण आणि बालमृत्यू नव्वदच्या दशकात देशभर गाजले, हायकोर्टात वर्षानुवर्षं सुनावण्या झाल्या. आजही त्या प्रश्नाचा एक मोठा भाग 'वेळेत पोचणं' हाच आहे.

तुम्ही म्हणाल, रुग्णवाहिकेला तर सूट आहे ना? आहे. पण गावात प्रत्येक वेळी रुग्णवाहिका येते का? अनेकदा बाळंतीण बाई शेजाऱ्याच्या जीपमधून किंवा मोटारसायकलवर बसून निघते. रात्री अकरा वाजता नाक्यावरच्या माणसानं तिला 'आणीबाणी' मानायचं की नाही, हे त्या क्षणी कोण ठरवणार? आदेशातली एक ओळ नाक्यावर कशी वापरली जाते, त्यावर सगळं अवलंबून आहे.

शिवाय हा रस्ता माणसांसाठीही सुरक्षित नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सेमाडोहजवळ एक खाजगी बस पुलावरून खाली कोसळली. काही प्रवाशांचा जीव गेला, अनेक जखमी झाले. बसमध्ये धारणीकडे नोकरीवर निघालेले शिक्षक आणि कर्मचारी होते. सुट्टीत आपल्याला जी वळणं थ्रिल वाटतात, ती त्यांचा रोजचा प्रवास आहे. रस्ता सुधारायचा म्हटलं की वन संवर्धन कायदा आणि वन्यजीव मंडळाची मंजुरी आडवी येते. ती असायलाही हवी. पण कठडा, खड्डा बुजवणं, वळणावरचे फलक, पुलांची डागडुजी या गोष्टींसाठी रस्ता रुंद करावा लागत नाही.

मग जंगलातली गावंच बाहेर का हलवत नाहीत?

ते चालूच आहे. या शतकाच्या सुरुवातीला कोहा, कुंड आणि बोरी ही गावं कोअरमधून अकोटकडे आली. त्यानंतर आणखी अनेक गावं उठली. केंद्राच्या योजनेत स्वेच्छेनं बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला आधी १० लाख रुपये मिळायचे, २०२१ मध्ये ही रक्कम १५ लाख झाली.

जिथून गावं उठली तिथे गवताची कुरणं तयार झाली, हरणं वाढली आणि मागोमाग वाघही आले. वन्यजीवाच्या बाजूनं हा अनुभव चांगला आहे. माणसांच्या बाजूनं तो एकसारखा नाही. जानेवारी २०१९ मध्ये अकोट भागातले पुनर्वसित गावकरी सोयी आणि जमिनीच्या तक्रारी घेऊन परत जंगलात गेले. केलपाणी परिसरात त्यांचा आणि वनकर्मचारी-पोलिसांचा संघर्ष झाला, दोन्ही बाजूंचे लोक जखमी झाले. पैसे बँकेत जमा झाले तरी मोहाचं झाड, सरपण, नदी आणि देव खात्यात जमा होत नाहीत. सपाट भागात आल्यावर या सगळ्यासाठी पैसे मोजावे लागतात.

म्हणून 'गावं हलवा, प्रश्न सुटेल' हे उत्तर सोपं वाटतं, पण अर्धवट आहे. शिवाय सेमाडोह, हरिसाल ही मोठी रस्त्यावरची गावं. हरिसालला तर २०१६ मध्ये देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजवलं गेलं होतं.

रेल्वेचा किस्सा काय सांगतो?

रस्त्याची ही चर्चा समजायला मेळघाटचाच दुसरा वाद उपयोगी पडतो. अकोला-खंडवा मीटरगेज रेल्वे याच जंगलातून जायची. धुळघाटला तर उंची गाठण्यासाठी रूळ स्वतःलाच वळसा घालून पुन्हा वरून जात. जुन्या लोकांना विचारा, खिडकीतून खालचा रूळ बघितल्याची आठवण ते अजून सांगतात.

ब्रॉडगेजसाठी ही गाडी बंद झाली आणि वाद पेटला. आहे त्याच मार्गानं, जंगलातून मोठा रूळ टाकायचा की बाहेरून वळसा घ्यायचा? २०२० मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी जंगलाबाहेरच्या मार्गासाठी केंद्राला पत्र लिहिलं. हिवरखेड, संग्रामपूर, जळगाव जामोद या बाजूनं गाडी नेली तर अंतर वाढतं, पण जंगल वाचतं आणि जिथे कधीच रेल्वे नव्हती अशा मोठ्या वस्तीला ती मिळते, असा त्यामागचा युक्तिवाद.

यातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. ज्याला दुसरा मार्ग असू शकतो, त्यानं वळसा घ्यावा. हाच निकष रस्त्याला लावून बघू.

तिघांची वाहतूक एकसारखी नाही

सेमाडोहच्या रस्त्यावर तीन प्रकारच्या गाड्या असतात.

पहिल्या, लांबच्या. अमरावती-अकोल्याहून बऱ्हाणपूर-इंदूरकडे जाणारे ट्रक आणि ट्रॅव्हल्स. यांना दुसरा रस्ता आहे. मूर्तिजापूर-अकोला-मुक्ताईनगरवरून बऱ्हाणपूरला जाता येतं. डिझेल थोडं जास्त जाईल, पण जगण्याचा प्रश्न उभा राहत नाही.

दुसऱ्या, पर्यटकांच्या. म्हणजे तुमच्या-माझ्या. आपल्याला रात्री जंगलात असण्याचं काहीच कारण नाही. संध्याकाळी सहाच्या आत खाली उतरायचं किंवा वर मुक्काम करायचा, एवढंच.

तिसऱ्या, गावच्या. एसटी, शेअर जीप, भाजीचा टेम्पो, मोटारसायकल. यांना ना दुसरा रस्ता, ना दुसरी वेळ निवडण्याची फारशी मुभा.

आता बंदीचं ओझं उलट्या क्रमानं पडतं ते बघा. मोठ्या ट्रॅव्हल्सवाल्याची ओळख असते, पर्यटकाच्या गाडीत कुणाचा तरी 'साहेबांना फोन लाव' असतो. नाक्यावर सगळ्यात जास्त वेळ कोण थांबतं? ज्याच्याकडे कागद कमी आणि ओळख शून्य, तो. नियम जंगलासाठी चांगला असूनही त्याची किंमत चुकीच्या माणसाकडून वसूल होऊ शकते.

उपाय अवघड नाहीत. स्थानिक गाड्यांची गावनिहाय नोंद, बाळंतपण आणि आजारपणात विनाप्रश्न सोडण्याचा लेखी आदेश नाक्यावर मराठीत आणि कोरकूत लावलेला, संध्याकाळची शेवटची एसटी वेळेत, आणि सेमाडोह-हरिसालला रात्रीसाठी सज्ज रुग्णवाहिका. हे झालं तर रस्ता रात्री झोपू शकतो आणि गावही.

आपले पैसे नेमके कुठे जातात?

डे-ट्रिपचा एक हिशेब करून पाहा. डिझेल अमरावतीत भरलं, फरसाण-पाणी परतवाड्यात घेतलं, दुपारचा डबा घरचा, रबडी चिखलदऱ्यात. सेमाडोहमध्ये खर्च किती? दोन चहा. आणि मागे ठेवलं काय? रिकाम्या बाटल्या.

एक रात्र राहिलात तर हिशेब बदलतो. मुक्कामाचं भाडं, जेवण, सकाळची सफारी, गाईड, जिप्सी. यातला मोठा भाग स्थानिक पोरांच्या हातात जातो. आणि सकाळी सहाला जंगलात असण्यासाठी पहाटे तीनला घाटात गाडी पळवावी लागत नाही.

जंगल राखून पैसा मिळू शकतो याचं उदाहरण मेळघाटच्या पायथ्यालाच आहे. परतवाड्याजवळचं पायविहीर. वनहक्क कायद्याखाली या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. उजाड झालेली जमीन गावकऱ्यांनी पुन्हा हिरवी केली आणि तिथली सीताफळं एकत्र गोळा करून थेट मुंबईपर्यंत विकली. २०१४ मध्ये गावाच्या कामाला राष्ट्रीय पातळीवरचा जैवविविधता पुरस्कार मिळाला. गावाच्या हातात हक्क दिला तर गाव जंगल तोडतंच असं नाही, हे पायविहीरनं दाखवलं.

जाणार असाल तर एवढं करा

– परत येण्याची वेळ आधी ठरवा, निघण्याची नंतर. सूर्य मावळण्याआधी घाट उतरलेला असला पाहिजे. कोअरच्या नाक्यावर लावलेल्या वेळा वाचा, त्या अंतिम.

– इंधन परतवाड्यातच भरा. रोख पैसे ठेवा. घाटात नेटवर्क जातं, त्यामुळे ऑनलाईन पेमेंटच्या भरवशावर राहू नका. नकाशा आधीच डाउनलोड करा.

– पावसाळ्यात कोअरमधल्या सफारी बंद असतात. वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहूनच निघा. धबधबे हवेत तर जुलै ते सप्टेंबर, प्राणी हवेत तर मार्च ते मे, आणि निवांतपणा हवा तर नोव्हेंबर-डिसेंबरचा मधला वार.

– जंगलात गाडी थांबवून खाली उतरू नका. माकडांना खायला टाकू नका. खाण्याच्या आशेनं ती रस्त्यावर येतात आणि मागच्या गाडीखाली जातात.

– वळणावर रील काढू नका. समोरून येणारी एसटी ब्रेक मारेपर्यंत तुम्ही दिसत नाही.

– एक जेवण सेमाडोहमध्ये करा. गाईड घ्या. त्याला रानपिंगळ्याबद्दल विचारा, वाघाबद्दल सगळेच विचारतात.

– प्राण्याचा फोटो टाकलात तर अचूक जागा टाकू नका. ती माहिती शिकाऱ्यालाही वाचता येते.

थोडक्यात

मेळघाट बघायला जावं की जाऊ नये, असा हा वादच नाही. जावं. लोकांना जंगल आवडलं नाही तर ते वाचवायला कुणी उभं राहणार नाही.

पण सेमाडोहच्या रस्त्यावर आपली गरज सगळ्यात कमी आहे, हे मान्य करायला हवं. वाघाला हे जंगल सोडून दुसरीकडे कुठे जाता येत नाही. कोरकू माणसाला दवाखान्यासाठी दुसरा रस्ता नाही. आपल्याकडे मात्र पुढचा रविवार असतो, दुसरा रस्ता असतो आणि घरी परतायला भरपूर उजेडही असतो. म्हणून नाक्यावर गेट लागलं आणि तुम्हाला सांगितलं की आता वेळ संपली, तर गाडी वळवा. मागच्या जीपमध्ये दवाखान्यात निघालेलं कुणी असेल, तर आधी तिला जाऊ द्या.